तळघरातला रविवार

घर निजल्यावर मी ही रेकॉर्ड पहिल्यांदा ऐकली. पियानो अगदी जपून पावले टाकत होता आणि मध्येच काचेवर काच वाजली. हेडफोन काढून मी स्वयंपाकघरात जाऊन आले, मांजर शिरले असावे असे वाटले. ओट्यावर सगळे जागच्या जागी होते. परत येऊन तोच भाग पुन्हा लावला, तर काच पुन्हा त्याच जागी वाजली. तिच्यामागे दबक्या आवाजात कुणी काही सांगत होते. तो पेला माझ्या घरातला नव्हता. २५ जून १९६१ च्या रविवारी न्यूयॉर्कमधल्या एका तळघरात कुणीतरी तो टेबलावर ठेवला होता.

ते तळघर म्हणजे ‘व्हिलेज व्हॅनगार्ड’ हा नाइटक्लब. वाजवणारे तिघे. पियानोवर बिल इव्हान्स, डबल बासवर स्कॉट लाफारो, ड्रम्सवर पॉल मोशियन. त्या एका दिवशी टेपवर उतरलेल्या संगीतातून दोन रेकॉर्डी निघाल्या, ‘संडे ॲट द व्हिलेज व्हॅनगार्ड’ आणि ‘वॉल्ट्झ फॉर डेबी’. जॅझ ऐकायला कुठून सुरुवात करू, असे कुणी विचारले की मी यातली दुसरी हातात देते. तीत दिपवणारे असे काही नाही. तीन माणसे एकमेकांचे किती मन लावून ऐकू शकतात, ते मात्र तिच्याइतके उघडपणे क्वचितच कुठे ऐकायला मिळते. आणि हे घडत असताना खोलीतले निम्मे लोक गप्पा मारत होते.

आधी ती खोली पाहू. मॅनहॅटनच्या ग्रीनिच व्हिलेज भागात सेव्हन्थ ॲव्हेन्यू साउथवर १७८ क्रमांकाच्या इमारतीला एक लाल कापडी छत आणि एक दार आहे. दारातून पंधरा पायऱ्या उतरल्या की व्हॅनगार्ड. मॅक्स गॉर्डन नावाच्या माणसाने हा क्लब १९३४ मध्ये काढला आणि पुढच्याच वर्षी या जागेत आणला. गॉर्डनचा जन्म लिथुआनियातला, लहानपण अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात गेलेले. दारूबंदीच्या काळात या तळघरात चोरटा गुत्ता होता. सुरुवातीला व्हॅनगार्डमध्ये कवी कविता वाचत, मग लोकगीते गाणारे आले, नकलाकार आले. लेडबेली आणि वूडी गथ्री इथे गाऊन गेले. पूर्णवेळ जॅझ सुरू झाले ते १९५७ च्या सुमारास, म्हणजे क्लब वीस-बावीस वर्षांचा झाल्यावर.

खोलीचा आकार पाचरीसारखा आहे. भिंती एका टोकाला जवळ येत जातात आणि त्या अरुंद टोकाला छोटासा मंच. माणसे मावतात १२३. चौकोनी खोलीत समोरासमोरच्या समांतर भिंतींमध्ये आवाज चेंडूसारखा आपटत राहतो, टाळी वाजवली तरी तिचा खडखडाट मागे रेंगाळतो. तिरप्या भिंतींमध्ये आवाजाला असे जायला-यायला सरळ वाट नसते. छत बुटके, खोली माणसांनी भरलेली, त्यामुळे घुमाराही फार उरत नाही. पियानोचा स्वर कानाशी येतो तो जवळून, कोरडा आणि स्पष्ट. हा आकार कुणी ध्वनिशास्त्राचा अभ्यास करून बेतलेला नाही, जमिनीचा तुकडाच तसा होता. तरी जॅझ वाजवणाऱ्यांना या खोलीबद्दल एखाद्या जुन्या वाद्याइतकी माया वाटत आली आहे.

क्लबात वाजणारे जॅझ रेकॉर्डवर यायला बराच काळ जावा लागला. ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटे मावत. आपल्याकडे अब्दुल करीम खाँसाहेबांना अख्खा राग त्या तीन-सव्वातीन मिनिटांत बसवावा लागला, तसेच जॅझवाल्यांचे. रात्री क्लबात पंधरा मिनिटे रंगणारी चीज सकाळी स्टुडिओत तीन मिनिटांची व्हायची. दुसऱ्या महायुद्धानंतर चुंबकीय टेप आली आणि १९४८ मध्ये लाँग प्ले तबकडी आली, तेव्हा ही बेडी तुटली. टेप यंत्र गाडीत घालून नेता येई आणि तबकडीच्या एका बाजूला वीसेक मिनिटे मावू लागली. १९५४ च्या फेब्रुवारीत ब्लू नोट कंपनीसाठी रूडी व्हॅन गेल्डरने न्यूयॉर्कच्या ‘बर्डलँड’मध्ये आर्ट ब्लेकीच्या पथकाची एक रात्र मुद्रित केली. ३ नोव्हेंबर १९५७ रोजी सॅक्सोफोनवादक सोनी रोलिन्सची रेकॉर्ड झाली, ती व्हॅनगार्डमधली पहिली. १९५९ मध्ये कॅननबॉल ॲडर्लीच्या पथकाचे सॅन फ्रान्सिस्कोतल्या ‘जॅझ वर्कशॉप’मधले ध्वनिमुद्रण रिव्हरसाइड कंपनीने बाजारात आणले आणि ते भरपूर खपले. मग या प्रकाराची अशी मागणी झाली की १९६६ मध्ये त्याच ॲडर्लीची एक रेकॉर्ड हॉलिवूडच्या स्टुडिओत माणसे बोलावून, दारूची सोय करून वाजवली गेली आणि वेष्टनावर मात्र क्लबाचे नाव छापले गेले.

रिव्हरसाइडचा निर्माता ऑरिन कीपन्यूज याला इव्हान्सच्या बाबतीत वेगळीच अडचण होती. हा माणूस रेकॉर्ड करायला सहजी तयार होत नसे. १९५६ मध्ये पहिली रेकॉर्ड झाल्यावर दुसरीसाठी सव्वादोन वर्षे थांबावे लागले, कारण आपल्याकडे नवे सांगण्यासारखे काही नाही असे त्याला वाटे. मधल्या काळात तो ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसच्या पथकात होता. डेव्हिसच्या १९५९ मधल्या ‘काइंड ऑफ ब्लू’ या रेकॉर्डवर बहुतेक चिजांना पियानो त्याचाच आहे. लाफारो आणि मोशियन यांच्याबरोबर त्याचे नवे त्रिकूट त्याच वर्षी जमले. त्यांच्या स्टुडिओतल्या रेकॉर्डी दोनच, डिसेंबर १९५९ ची एक आणि फेब्रुवारी १९६१ ची दुसरी. व्हॅनगार्डमधला त्यांचा जूनचा मुक्काम दोन आठवड्यांचा होता आणि तो रविवार शेवटचा दिवस. कीपन्यूज आणि ध्वनिमुद्रक डेव्ह जोन्स टेपयंत्र घेऊन पायऱ्या उतरले.

हे त्रिकूट काय वेगळे करत होते, ते समजायला आधी पियानो, बास आणि ड्रम्स यांची जुनी वाटणी माहीत हवी. बासवाला दर मात्रेला एक स्वर देत चालत राहायचा, एक-दोन-तीन-चार, अखंड. आपल्या ठेक्यासारखेच, फक्त या ठेक्यात स्वरही असतात आणि गाण्याची इमारत त्याच स्वरांवर उभी असते. ड्रमवाला झांजेवर ती चाल पक्की करायचा. एवढी भक्कम जमीन मिळाली की पियानोवाला वर हवे तसे हुंदडायला मोकळा. ही व्यवस्था उत्तम चालते, आजही चालते. पण तीत एकच जण बोलतो आणि दोघे हुंकार भरतात.

इव्हान्सला तिघांचे बोलणे हवे होते. त्यासाठी त्याने आपल्या डाव्या हातापासून सुरुवात केली. पियानोवर एकत्र दाबलेल्या स्वरांच्या गुच्छात सर्वांत खाली एक मूळ स्वर असतो, ज्याच्या आधारावर वरचे उभे राहतात. इव्हान्स तो वाजवायचाच नाही. नुसते वरचे दोन-चार स्वर ठेवायचा, एकमेकांना इतके खेटून की त्यातून धुके पसरल्यासारखा रंग यायचा. खालची जागा त्याने रिकामी सोडली. तिथे काय ठेवायचे, कधी ठेवायचे, ठेवायचे की नाही, हे बासवाल्याने ठरवायचे.

आणि बासवाला होता पंचवीस वर्षांचा लाफारो. तो आधी क्लॅरिनेट आणि सॅक्सोफोन वाजवायचा. बास हातात घेतला तो अठराव्या वर्षी, म्हणजे या रविवारी त्याला हे वाद्य वाजवून सातच वर्षे झाली होती. मला नेहमी वाटते, की फुंकेच्या वाद्यातून आल्यामुळे बास म्हणजे खांब हा समज त्याच्या मनात रुजलाच नसावा. माणसाएवढ्या उंचीच्या या वाद्याच्या तारा जाड असतात, पट्टीपासून बऱ्याच उंच ताणलेल्या असतात आणि त्या दाबायला जोर लागतो. लाफारोने घोडी बुटकी करून तारा पट्टीजवळ आणल्या. आवाज थोडा कमी झाला, पण बोटे मोकळी झाली. मग तो वरच्या पट्टीत जाऊन गिटारसारख्या सफाईने सुरावटी विणू लागला. पियानोचे वाक्य अर्ध्यात तोडून तो आपले वाक्य जोडतो, कधी पियानो थांबला की तो विषय पुढे नेतो, आणि कधी नेमका त्या क्षणी खाली येऊन एकच खोल स्वर देतो. इतका वेळ तो स्वर कुठेच नव्हता, हे तो आल्यावर लक्षात येते.

तिसरा मोशियन. त्याच्या हातात बहुतेक वेळ काठ्यांऐवजी ब्रश, म्हणजे तारांचे झाडूसारखे कुंचे. ते ड्रमच्या कातड्यावर गोल फिरवले की सुकी पाने सरकल्यासारखा आवाज येतो. लय मोजून देण्याचे काम तो जवळजवळ सोडून देतो. एखादी झांज वाजवतो आणि तिची थरथर पूर्ण विझेपर्यंत हात थांबवतो. असे तिघेही लय वाजवायची सोडतात आणि तरी ती कुठे सांडत नाही. ती तिघांच्या मनात चालू असते, एखाद्या गायकाला विलंबित तालाची सम न मोजता ठाऊक असते तशी.

‘वॉल्ट्झ फॉर डेबी’ ही चीजच घ्या. डेबी ही इव्हान्सची पुतणी, भाऊ हॅरीची मुलगी. तिच्यासाठी त्याने ही चाल बांधली आणि १९५६ च्या पहिल्या रेकॉर्डवर एकट्याने, मिनिट-सव्वा मिनिटात वाजवली होती. व्हॅनगार्डमध्ये ती सुरू होते तेव्हा मोशियन गप्प असतो. पियानो तीन मात्रांच्या झुल्यावर चाल मांडतो आणि बास खालून त्याला दुसरी चाल जोडत जातो, जणू लहान मुलीचे बोट धरून कुणी चालते आहे आणि ती मध्येच उडी मारते आहे. चाल एकदा पूर्ण झाली की ब्रश आत येतात आणि तीनाचा झुला चाराच्या चालीत बदलतो. त्या सांध्यावर लक्ष ठेवून ऐका. कुणी इशारा केल्याचे कळत नाही. तिघे एकाच वेळी वळतात, आणि मागच्या टेबलावर कुणीतरी आपले बोलणे न थांबवता पुढे चालू ठेवतो.

‘सम अदर टाइम’ ही याच रेकॉर्डवरची, माझी सर्वांत लाडकी. लेनर्ड बर्नस्टाइनने १९४४ च्या एका संगीतनाटकासाठी केलेले हे निरोपाचे गाणे. इव्हान्सचा डावा हात दोनच स्वरगुच्छांमध्ये पाळण्यासारखा जात-येत राहतो. याच गाण्याच्या सुरुवातीशी खेळता खेळता १९५८ मध्ये त्याला ‘पीस पीस’ नावाची स्वतंत्र रचना सुचली होती आणि तोच पाळणा पुढे ‘काइंड ऑफ ब्लू’वरच्या ‘फ्लेमेंको स्केचेस’मध्ये शिरला. इथे तो पुन्हा आपल्या मूळ घरी येतो. लाफारो या वेळी फार काही करत नाही. इतका वेगवान बोटांचा माणूस सबंध चीजभर थोडक्यात बोलतो, आणि जिथे बोलतो ते मोठ्या समजुतीचे असते.

त्या दिवशी पाच बैठका झाल्या. दोन दुपारच्या, तीन रात्रीच्या. टेपवर तेरा वेगवेगळ्या रचना आल्या, काही दोनदा, तीनदा. कोल पोर्टरची ‘ऑल ऑफ यू’ तीनदा वाजली आणि तिन्ही वेळा इतकी निराळी, की तिन्ही ओळीने ऐकताना एकच खोली सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी पाहिल्यासारखी वाटते. दुपारी पहिलीच चीज होती लाफारोची ‘ग्लोरियाज स्टेप’, त्याच्या प्रेयसीच्या नावाची. तिची वाक्ये चारऐवजी पाच-पाच मात्राखंडांची आहेत. कानाला सवय चाराची, त्यामुळे दर वाक्याला पायरी एक जास्त निघावी तसे होते. ती वाजत असताना वीज गेली आणि टेप मध्येच तुटली. स्टुडिओत असे झाले तर पुन्हा पहिल्यापासून सुरू करतात. इथे समोर लोक बसले होते आणि तिघे वाजवतच होते. रात्री ती पुन्हा वाजली, म्हणून आपल्याला अखंड मिळाली. रात्र संपताना लाफारोचीच ‘जेड व्हिजन्स’ दोनदा वाजली. नऊ मात्रांची, अगदी संथ आणि उजळ अशी ही रचना, तीत बास एकाच वेळी दोन तारा छेडत गुच्छ देतो. त्याने बांधलेल्या रचना मोजक्याच. त्यातली ही मला नेहमी अर्ध्यावर थांबल्यासारखी वाटते.

अकराव्या दिवशी, ६ जुलैला, लाफारो गेला. मधल्या काळात त्याने न्यूपोर्टच्या महोत्सवात सॅक्सोफोनवादक स्टॅन गेट्झबरोबर वाजवले होते. न्यूयॉर्क राज्यातल्या जिनीव्हा गावाजवळ रात्री त्याची गाडी झाडावर आदळली. एकोणिसाव्या शतकात न्यू हॅम्पशरच्या अब्राहम प्रेस्कॉटने घडवलेला त्याचा बासही त्या अपघातात मोडला. पुढे बऱ्याच वर्षांनी तो दुरुस्त झाला आणि पुन्हा वाजला.

इव्हान्सने कित्येक महिने कुणासमोर वाजवले नाही. हेरॉइनचे व्यसन त्याला आधीपासून होते, आता दुःखाची भर पडली. टेपांमधून पहिली रेकॉर्ड निवडायची वेळ आली तेव्हा कीपन्यूज आणि त्याने लाफारो ज्यांत सर्वांत पुढे दिसतो त्या चिजा घेतल्या. सुरुवात ‘ग्लोरियाज स्टेप’ने, शेवट ‘जेड व्हिजन्स’ने, वेष्टनावर लाफारोचे नाव. उरलेल्यांतल्या सहा ‘वॉल्ट्झ फॉर डेबी’वर गेल्या, ती १९६२ मध्ये आली. ‘आय लव्ह्ज यू, पोर्गी’सारखी अप्रतिम चीज दोन्हींतून सुटली, ती रसिकांना फार उशिरा ऐकायला मिळाली. सबंध दिवस वाजला त्याच क्रमाने तीन सीडींवर आला तो २००५ मध्ये. वीज गेली ती जागासुद्धा त्यात आहे. सवड असेल तर मी म्हणेन, तोच ऐका. मैफल कशी तापत जाते, ते निवडक चिजांमधून कळत नाही.

आता त्या गलक्याविषयी. काही जाणकारांना तो खटकतो. इतके नाजूक वादन चालले असताना लोक बोलतात, हसतात, पेले वाजवतात, हे त्यांना अपमानासारखे वाटते. मलाही सुरुवातीला वाटले. आपल्याकडच्या खासगी मैफलींच्या जुन्या टेपांवरही आवाज असतात, कपबशा, खोकला, रडणारे मूल. पण तिथे दाद असते. गायकाने जागा घेतली की ‘क्या बात है’ उठते आणि ती पुढच्या जागेला बळ देते. व्हॅनगार्डच्या त्या दुपारी तसे काही घडत नाही. टाळ्या थोड्या आणि तुटक. कुणाचे जेवण चालले आहे, कुणाचे प्रेम, कुणाचा रविवार संपत आला आहे.

पुष्कळदा ऐकल्यावर मला तो गलका हवाहवासा वाटू लागला. एक तर त्यामुळे खोलीची खोली कळते. आवाज जवळचा की लांबचा यावरून मंच कुठे, टेबले कुठे, हे कान मनात मांडतो आणि आपण नकळत एका खुर्चीत बसतो. दुसरे म्हणजे दाद नसल्यामुळे हे तिघे कुणाला काही पटवून द्यायला जात नाहीत. चढत्या लयीवर टाळी घ्यावी, सर्वांत कठीण तान शेवटाला राखून ठेवावी, असला मोह कुठे दिसत नाही. ज्याने ऐकायला हवे ते दोघे शेजारीच आहेत, हातभर अंतरावर. इव्हान्स वाजवताना पाठ वाकवून डोके जवळजवळ पट्ट्यांना टेकवत असे. तो खोलीत बसल्याबसल्या खोलीबाहेर जायचा, आणि लाफारो, मोशियन त्याच्याबरोबर. हा एकांत गर्दीत बसून मिळवलेला आहे, आणि मागचे बोलणे नसते तर तो मला ऐकू आला नसता.

२००९ साली अमेरिकेच्या काँग्रेसच्या ग्रंथालयाने राष्ट्रीय ठेवा म्हणून जपायच्या ध्वनिमुद्रणांच्या यादीत हा रविवार घेतला. इव्हान्स पुढे नवनवी त्रिकुटे घेऊन व्हॅनगार्डमध्ये येत राहिला. शेवटचा आला तो जून १९८० मध्ये, तेव्हाही टेप चालू होती. त्याच वर्षी १५ सप्टेंबरला तो गेला, एक्कावन्न वर्षांचा होऊन. मॅक्स गॉर्डन १९८९ मध्ये गेला. त्यानंतर त्याची पत्नी लोरेन रोज रात्री दाराशी बसू लागली आणि २०१८ पर्यंत, पंचाण्णवाव्या वर्षापर्यंत, क्लब तिने सांभाळला. आता त्यांची मुलगी सांभाळते.

मोशियन मागे राहिला. ठोक्यांमधली ती थांबण्याची सवय त्याने उत्तरोत्तर इतकी वाढवली की त्याच्या एका झांजेच्या ठोक्यासाठी तरुण वादक वाट पाहत बसायचे. अखेरच्या वर्षांत त्याने प्रवास सोडला. न्यूयॉर्कबाहेर कुणी कितीही बोलावले तरी तो जात नसे. वाजवायचा तो बहुतकरून व्हॅनगार्डमध्ये, त्याच पाचरीच्या टोकाला, खालून सेव्हन्थ ॲव्हेन्यूची भुयारी रेल्वे जाते तिथे. २०११ च्या नोव्हेंबरात, ऐंशीव्या वर्षी तो वारला. त्या वर्षीही तो त्या पंधरा पायऱ्या उतरून तिथे वाजवून आला होता.